फोटोतला चौथा पुतळा

मी, बाजारपेठेतला फोटोवाला, वय ६१ वर्षे, धंदा काचेवर फोटो काढणे, राहणार दुकानाच्या माडीवर, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

रस्ता रुंद करायला जुनी बाग पाडत आहेत. पाडण्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवायचे, हे काम कचेरीने मला दिले आहे. वेस, हौद, कारंजे यांचे फोटो मी काढले तेव्हा ते उभे होते, आता नाहीत. या कामाचा मला वीट आला आहे.

सोमवारी सकाळी मी बागेत कॅमेरा उभा करत होतो. मजूर दोर लावून एक पुतळा उतरवत होते. दोर सुटला आणि पुतळ्याचे कोपर एका मजुराच्या छातीत बसले. मुकादम म्हणाला, "काही झालं नाही. जरा टेक तिथं, बरं वाटेल." तो मजूर पुतळ्याच्या रिकाम्या चौथऱ्यावर जाऊन बसला. त्याच्या अंगभर चुना उडालेला होता. बाकीचे पुन्हा कामाला लागले, आणि मी बागेचा फोटो काढला.

संध्याकाळी तो मजूर रस्त्याकडेला मेलेला सापडला. मुकादम आता मी काढलेला तोच फोटो दाखवून म्हणतो की सोमवारी काम बंद होते, बागेत चिटपाखरूही नव्हते, हा कुठेतरी पिऊन पडला असेल.

माझ्या कॅमेऱ्याचे झाकण बराच वेळ काढून ठेवावे लागते. तेवढ्यात जो हलतो तो काचेवर उमटत नाही. मजूर ये-जा करत होते म्हणून आले नाहीत. मुकादमही आला नाही, आणि तो तर सारखा समोरून ओरडत फिरत होता.

बागेत पुतळे तीनच उरले होते. फोटोत चार आहेत. चौथ्याच्या पायात फाटकी चप्पल आहे. मुकादमाला ती दिसली नाही, कारण मजुराकडे नीट बघायची त्याला सवय नाही.

जिवंत माणूस कितीही गप्प बसला तरी श्वासाने हलतो, चेहरा थोडा पुसट येतो. याचा चेहरा स्वच्छ आला आहे. म्हणजे मी झाकण काढले तेव्हाच तो गेलेला होता. त्याला तिथून कोणी हलवले ते मी पाहिले नाही. त्याची बायको सकाळपासून चौकीबाहेरच्या बाकावर बसून आहे. तो कामावर असताना गेला, एवढे लिहून घ्या म्हणते. तसे लिहून घ्यावे.

झाकण लावल्यावर मी त्याला म्हणालो, "शाबास रे गड्या. असं कोणी बसत नाही." तो काही बोलला नाही. दमला असेल असे वाटून मी सामान आवरले आणि घरी आलो.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. शेवटचा भाग तपासाच्या कामाचा नाही, काढू का, असे त्यांनी विचारले. मी राहू द्या म्हणालो.