भाऊबीजेची कॉन्फरन्स

(हायकोर्टातली एक चिंचोळी खोली. केस राजलक्ष्मीबाई जिंकल्या, धाकटा भाऊ मनमोहन हरला, आणि तिच्या वकिलाचा खर्च आता त्याने भरायचाय. किती, ते समोरचे साहेब ठरवणार. दिवाळी तोंडावर आलीय. बहीणभाऊ एकाच बाकावर, मध्ये तिची पर्स.)

साहेब : ...नुसतं ‘फार आहे’ म्हणून चालत नाही, मनमोहनराव. बिलातली कुठली बाब जास्त आणि का, ते बोला.

मनमोहन : सगळंच जास्त आहे, साहेब! दावा काय सोन्याच्या पेनाने लिहिला?

राजलक्ष्मी : बाबांच्या गिरगावच्या घरातला माझा हिस्सा गिळायला निघालास, तेव्हा नाही खर्च सुचला? आणि निकालाच्या दिवशी जिन्यात काय बोललास? ‘यंदा ओवाळायला येऊ नकोस.’

मनमोहन : बोललो. मग?

साहेब : बाई, ते माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त रक्कम. आणि वकिलाला दिलं ते सगळंच यांच्याकडून मिळतं, असंही नाही. काम खरंच झालं का, केससाठी लागत होतं का आणि त्याची फी रास्त आहे का, एवढंच मी बघतो. दाव्याचा मसुदा?

मनमोहन : हरकत आहे.

साहेब : वाचलाय मी. मेहनत दिसते. ठेवतो.

राजलक्ष्मी : बघ!

साहेब : पुढे. वकिलांशी कॉन्फरन्स. गेल्या वर्षी, भाऊबीज, संध्याकाळी सहा ते आठ.

मनमोहन : हरकत! हे तर साफ झूठ!

राजलक्ष्मी : मनू, गप्प बस.

मनमोहन : का गप्प? साहेब, सहा ते आठ ही करी रोडला माझ्या घरी होती. मला ओवाळत होती!

साहेब : केस चालू असताना?

मनमोहन : केस कोर्टात होती, साहेब. भाऊबीज घरी.

राजलक्ष्मी : वर माझ्या हातचं कोळंबीचं भुजणं दोनदा मागून घेतलंस.

मनमोहन : घेणारच! आणि पुरावा हवा असेल तर बघा ना. ओवाळणीत दिलेली साडी आत्ता हिच्या अंगावर आहे!

राजलक्ष्मी : अय्या! इस्त्री केलेली हीच होती म्हणून नेसले.

साहेब : बाई, खरं आहे हे?

राजलक्ष्मी : ...खरं आहे. वेळ मीच घेतली होती. पण ओवाळायचं तबक भरलं आणि पाय तिकडे वळलेच नाहीत. फोनही केला नाही. वकीलबाई बिचाऱ्या ताटकळल्या, त्यांची काही चूक नाही.

साहेब : मग ते पैसे त्यांना तुम्ही द्या. भावाच्या माथी मारता येणार नाहीत. कापले.

मनमोहन : जिंकलो! अरे, एक तरी जिंकलो!

राजलक्ष्मी : नाच आता.

साहेब : शेवटच्या युक्तिवादाची फी. सगळ्यात मोठी आहे. हरकत?

मनमोहन : ...नाही.

साहेब : नाही?

मनमोहन : काय बोलल्या त्या, साहेब! मी हरत होतो आणि मनात म्हणत होतो, ताईला वकील जबरी मिळालीय. पूर्ण द्या.

राजलक्ष्मी : साहेब, कापा थोडी. दिवाळी आलीय, याच्या पोरांना कपडे घ्यायचेत.

मनमोहन : माझ्या पोरांचं मी बघीन. पूर्ण द्या!

राजलक्ष्मी : कापा म्हणते ना!

साहेब : अहो, हरलेला म्हणतो पूर्ण द्या, जिंकलेली म्हणते कापा! माझी नोकरी घालवता का? दोघांचंही ऐकणार नाही. रास्त आहे, ठेवली. करा सह्या आणि सुटा.

राजलक्ष्मी : मनू...

मनमोहन : हं.

राजलक्ष्मी : घरातला हिस्सा मिळाला रे. पण जिन्यातलं तुझं ते बोलणं काही कानातून जात नाही.

मनमोहन : हरलो होतो, ताई. तोंडाला येईल ते बडबडलो. तेव्हापासून रोज फोन उचलतो नि ठेवतो.

राजलक्ष्मी : मग यंदा येऊ?

मनमोहन : सहालाच ये. ती वेळ आता साहेबांनीच मोकळी करून दिलीय.