शाफ्ट नसलेली प्रचारफेरी

चहा येईस्तोवर सांगतो, आमच्या पाचोडला निवडणुकीत काय झालं ते.

माझ्या पिकअपचा शाफ्ट लई खडखड करायचा. सलीमभाई मिस्त्रींनी तो खोलून खाली ठेवला. त्याच्या सांध्यातला नवा क्रॉस संभाजीनगरहून यायचा होता. तेवढ्यात माझा मावसभाऊ बबन आला. तो उमेदवाराचा कार्यकर्ता.

"साहेब आलेत. फेरीला गाडी काढ."

मी म्हणलं, "शाफ्ट नाय तिला. इंजिन सुरू होईल, पण चाकं फिरणार नायत."

"आवाज निघतो ना? मग झालं. ढकलायला पोरं हायेत."

साहेब हार घालून मागं हौद्यात उभे राहिले, मी इंजिन चालू करून स्टिअरिंगवर बसलो, आणि पंधरा-वीस जण वाकून ढकलायला लागले. आठवडी बाजारापाशी साहेबांनी मागं वळून बघितलं. एवढी माणसं वाकलेली बघून त्यांनी हात जोडले. माईकवर म्हणाले, "उठा बाबांनो. मी तुमच्यातलाच आहे."

माणसं दमलीच होती. सगळी सरळ उभी राहिली आणि गाडी जागेवर थांबली. लोकांना भाषण हवंय असं समजून साहेबांनी तिथंच भाषण ठोकलं.

दुसऱ्या दिवशी क्रॉस आला, सलीमभाईंनी शाफ्ट बसवून दिला. गाडी झकास निघाली. बाजारात साहेबांनी मागं बघितलं, तर कुणीच नाय. त्यांनी घाबरून बबनला जवळ बोलावलं.

"कालची माणसं फुटली का रे?"

"नाय साहेब," बबन म्हणाला, "गाडी दुरुस्त झाली."