तू बसावंस म्हणून

आई गेल्याचं कळून निघालेल्या भावाची वाट पाहत मी विमानतळावर बसले होते. बाजूला एका आजीकडून तिची लेक स्पॅनिश घोकून घेत होती.

"'सेंतेस' नाही गं आई, 'सिएंतेस'."

"सिएंतेस. पुढे?"

"त्यापेक्षा 'सिएंताते' म्हण. 'बस.' एका शब्दात काम!"

"नात पहिल्यांदा येतेय, तिला आल्या आल्या हुकूम सोडू? तू माझ्याजवळ बसावंस असं वाटतं, हेच म्हणणार. तिच्या भाषेत."

"जीभ वळत नाहीये तुझी."

"वळेल. तुझी मीच वळवली ना?"

"आणि नाही बसली तर?"

"तर उद्या पुन्हा म्हणेन. चल, पहिल्यापासून."

"किएरो के ते सिएंतेस..."

काचेचं दार सरकलं. आजी ओठ हलवत ताठ बसली. आमच्यामधल्या खुर्चीवरची माझी पिशवी मी मांडीवर घेतली.