ह्रस्वाचं दीर्घ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शेंद्र्याच्या क्रीडा मंडळाचे आधारस्तंभ माननीय सर्जेराव, आज निवृत्त होणारे आपले खो-खोचे प्रशिक्षक, सत्कारमूर्ती गयाससर, व्यासपीठावरील मान्यवर आणि अल्पोपाहाराचा वास येऊनही जागा न सोडणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मी वार्ताहर. दुसऱ्यांची भाषणं चार ओळींत उरकणं हा माझा धंदा, त्यामुळे स्वतः उभा राहिलो की जीभ जरा मोकाट सुटते. त्यात संस्कृत शिकलेलो. अध्यक्षमहाराज, घाबरू नका, श्लोक म्हणणार नाही. व्याकरणाचा फक्त एक नियम सांगतो. ह्रस्व स्वराला एक मात्रा लागते, दीर्घाला दोन. लांबी वाढली की वेळही वाढतो. हा नियम आपल्या अध्यक्षांनी मोडायला घेतला होता.

त्यांचे चिरंजीव ऋतुराज मागच्या रांगेत बसलेत. उंची मुळात बेताची, पण मैदानात असा सुळकन निसटायचा, की पाठलाग करणाऱ्याचा हात याच्या डोक्यावरून नुसता वारा घालून जायचा. राज्याच्या संघात जाणार हे जवळजवळ ठरलेलं. आणि नेमकं तेव्हाच वडिलांच्या ध्यानात आलं, की सत्काराच्या फोटोत पोरगं हारामागं दिसतच नाही! घराण्यावर केवढं हे संकट! शिवाय लग्नाला आलेला.

मग पायांची हाडं कापून, सळ्या घालून, रोज तांदळाच्या कणीएवढी ताणत न्यायची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टर प्रामाणिक. म्हणाले, "चालेल, पण पूर्वीसारखा पळेल याची हमी नाही."

अध्यक्ष म्हणाले, "पळून जायचंय कुठं त्याला? लग्न करायचंय."

गयाससर घरी जाऊन हात जोडून आले. "सर्जेरावसाहेब, अल्लानं मापात दिलाय हो पोरगा. जमिनीजवळ हाय, हीच तर त्याची नेमत हाय, वरून मिळालेली देणगी. नका ताणू."

"सर, चांगल्या कामात खो घालू नका."

खो या शब्दाचा अध्यक्षांना तेवढाच अर्थ ठाऊक. मंडळाचे अध्यक्ष आहेत ना! ऋतुराज सज्ञान, सही त्यानंच केली. वडिलांना नाही म्हणायला लागते ती उंची मात्र तेव्हा त्याच्याकडे नव्हती, आणि ती कुठल्या शस्त्रक्रियेनं मिळत नाही.

तीन इंच मिळाले. अभिनंदन! आता हार घातला तरी चेहरा दिसतो. फक्त तो हसत नाही. पोटऱ्या ताठ, खो-खोच्या चौकात बसायला गेला तर टाच टेकेना. खो मिळून उठेपर्यंत पळणारा पार खांबापलीकडं. दोन मात्रा, दुसरं काय? राज्याचा संघ त्याच्याशिवाय गेला.

सरांनी निरोपाची भेट एकच मागितली. शाल नको, उद्यापासून पोरांना ऋतुराजनं शिकवावं. तोही यायला तयार. अध्यक्ष उत्तरले, "एवढा उंच केला तो शिट्टी फुंकायला व्हय?" नाही साहेब, कसं शक्य आहे? तो केला व्यासपीठाच्या शोभेसाठी. समई मंडळाकडे होतीच, तेवढ्यावर भागलं असतं.

पण मंडळी, खेळाचा नियम काय? बसलेल्याला मागून खो मिळतो. देणारा त्याच्या जागी बसतो, घेणारा उठतो. निवृत्तीची इतकी नेटकी व्याख्या मला कुठल्या कोशात सापडली नाही. आणि खो द्यायला अध्यक्षांची परवानगी लागते, असंही नियमात सापडलं नाही. गयाससर, आवाज आहे ना अजून?

...ऐकलंत? माइकशिवाय दिला! मागं खुर्ची सरकली बघा. उठतोय. वेळ लागतोय, लागू द्या. टाळ्या नंतर, आधी त्याला पूर्ण उभा राहू द्या. ऋतुराज, ये पुढं, शिट्टी सरांच्या गळ्यात आहे. अध्यक्षमहाराज, आपण बसूनच राहावं. आपल्याला कुणी खो दिलेला नाही.

आयोजकांचे, मांडववाल्यांचे आणि आपल्या सहनशीलतेचे आभार. बोलण्यात ह्रस्वदीर्घाच्या काही चुका झाल्या असतील तर उदार मनानं पोटात घालाव्यात. जिभेवरच्या तरी दुरुस्त करता येतात.