होडी न्यायला आलेला

—थांब, थांब म्हणतंय ना! ट्रॅक्टरचा इंजिन बंद नको करूस, नुसता थांब. कुणी धाडलान म्हणालास तुला? रघू भावजींनी? मग स्वतः का नाय आले? मिरकरवाड्यावरनं पावसला यायला काय विमान लागतं? सख्खा दीर माझा, नि होडी न्यायला धाडतो कुणाला, तर ज्याला मी कधी डोळ्यांनी बघितला नाय त्याला! मिस्त्रीकडं न्यायची म्हणतोस — कसली दुरुस्ती? बरं, घे मागे. घे. मी इथंच उभी ऱ्हाणार, होडीच्या ट्रॉलीच्या दांडीजवळ. बाईमाणूस एकटी बघून कुणी होडी घेऊन गेला असा नको व्हायला. एकटी म्हणजे — एकटी नाय हां मी! नवरा मस्कतला हाय माझा, ह्याच आठवड्यात येतोय. डावीकडं घे, डावीकडं! माझ्या डावीकडं नाय रे, तुझ्या! माडाच्या आळ्यात चाक घालशील. हां, आता सरळ. अजून हातभर. नवऱ्याला विचारल्याशिवाय होडी हलवायची नाय, असा तोच सांगून गेलाय. पुढच्या महिन्यात आला की बघेल — काय? मघाशी आठवडा म्हणाले? म्हणाले असेन. तुला काय करायचंय? पोलिसात हायस? बोटीवरच्या माणसाचा काय नक्की असतं होय! दोन शिमगे झाले, पालखी दारात येऊन गेली, मी एकटीनं ओटी भरली नि गावाला सांगितलं, मस्कतला हाय, मस्कतला हाय. इंजिनाचा पार्ट आणतो म्हणून मुंबईला गेला तो — म्हणजे मुंबईहून पुढं मस्कतला. तसाच जातात ना सगळे? — बस, बस, बस! आली कडी हुकात. उतर आता, पिन घाल. नाय जायची ती. भोकाला भोक लागलंय असा दिसतं, पण अर्ध्यात अडकते. ह्या दांडीची खोड हाय, भल्याभल्यांनी हात टेकले, रघू भावजींनी तर घण मारून बघितला. ती फक्त —

अरे.

दांडी उजवीकडं पिळून खालनं टाच मारलीस तू. नि गेली पिन.

ही टाच कुणी शिकवलीन तुला? माझ्याकडं बघ. रघू भावजींना येत नाय ही. मला येत नाय. ह्या वाडीत कुणाला येत नाय. माझा नवरा, हरिश्चंद्र सोडून कुणाला — कुठं हाय तो? रत्नागिरीतच हाय? इतक्या जवळ? मी एसटीडीवर जाऊन जाऊन मुंबईच्या डॉकयार्डातल्या माणसांना विचारीत ऱ्हायले, नि तो — स्वतः येऊन माझ्या तोंडाकडं बघवेना, म्हणून रघू भावजींचा नाव पुढं करून तुला धाडलान? माझ्यासाठी काय नाय, होडीसाठी?

सोड ती पिन. हात काढ, चेचेल. ही बघ, काढली मी. ही आता माझ्याकडं ऱ्हाणार. होडी माझ्या अंगणात हाय, अंगणातच ऱ्हाईल. रिकामा ट्रॅक्टर घेऊन जा, नि त्याला सांग — काय सांगशील? काय नको सांगू.

बरा हाय ना पण तो? खोकला होता त्याला, जाताना. कोण असतं त्याच्या — नको. तोंड उघडू नकोस. एक शब्द नको बोलूस. चढ ट्रॅक्टरवर. जा.