मामाच्या बॉनेटला पिना

गाडीच्या रंगाला जपणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, पण आमच्या कोपरगावच्या मामाची सर कुणालाच नाही. पोरीच्या लग्नासाठी त्याने जुन्या ॲम्बेसिडरला नवा पांढरा रंग मारला, आणि पहिल्याच फेरीत बॉनेट उडून काचेवर आपटलं. समोरचं काही दिसेना. कसेबसे वाचलो.

बॉनेटचं लॉकच झिजलं होतं. मी म्हणालो, "मामा, जुन्या रेसच्या गाड्यांना असायच्या तशा बॉनेट वरून अडकवून ठेवणाऱ्या पिना बसवू."

"म्हंजी भोकं पाडायची? ओरखडा उठला तर लग्नाला यिऊ नको."

मेकॅनिकने रंगावर चिकटपट्टी लावून खुणा केल्या. ड्रिल सुरू झालं. मामाने माझा दंड धरलेला. ड्रिल जरा कुरकुरलं की त्याची नखं रुतायची. शेवटी पट्टी निघाली. एक ओरखडा नाही! मामाने बॉनेटवरून हळूच हात फिरवला.

मग डिकीतून काथ्याची दोरी काढली, बॉनेटवरून टाकली आणि खाली बंपरला करकचून आवळली.

"अरे मामा, रंग!"

"पिना नव्या हायेत रं. त्यांचा आजून काय भरवसा?"