निघते हं

आदरणीय अध्यक्ष महोदय, आपल्या केंद्राचे नवे व्यवस्थापक साहेब, जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती आमची निवेदिका ताई, आणि घरचा रेडिओ तसाच चालू ठेवून आलेल्या श्रोतेहो,

मी इथला तंत्रज्ञ. उभा जन्म काचेच्या अलीकडे गेला. ताईनं पलीकडून बोलायचं, मी इकडून बटणं सरकवायची. आज माइक माझ्यासमोर आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

या केंद्रानं किती मालक पाहिले? आधी शिक्षणसंस्था होती, तेव्हा बाजारभाव आणि हरवलेल्या किल्ल्यांच्या सूचना असायच्या. मग वर्तमानपत्रवाले आले, फर्माइशींचं पेव फुटलं. आता कंपनी आली. दर वेळी पाटी बदलली, स्टुडिओतला गळका एसी मात्र कुणी बदलला नाही. साहेब हसताहेत, म्हणजे आताही आशा नाही.

ताईची एक सवयही बदलली नाही. संध्याकाळची सभा, म्हणजे त्या वेळचं प्रसारण, संपली, की ती म्हणायची, "निघते हं." पहिल्यांदा ते मला म्हणाली होती, माइक चुकून चालू राहिला. घरी भाऊजींनी, ताईच्या यजमानांनी, ऐकलं. त्यांना दिसत नाही, हे आपण जाणताच. तेव्हापासून ती ते रोज माइकवरच म्हणू लागली; ते ऐकलं की भाऊजी उठतात आणि दाराची कडी काढून ठेवतात. श्रोत्यांना मात्र वाटायचं, ताई आपल्यालाच सांगून निघाली.

कंपनीनं ताईचा आवाज यंत्राला शिकवला. ती रोज बसून वाक्यं वाचून द्यायची. तेवढं एक वाक्य तिनं दिलं नाही. म्हणाली, "ते घरचं आहे, ते नको." सगळं ध्वनिमुद्रण माझ्या हातून गेलंय. त्यात ते नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

गेल्या आठवड्यात यंत्र बोलू लागलं. नव्या पद्धतीत सभा संपतच नाही, गाणी आणि निवेदन अखंड चालू. ताई घरी गेली, तर दाराला आतून कडी. तिनं हाक मारली. भाऊजी आतून म्हणाले, "ती अजून बोलतेय. झालं की ती सांगते. आपण कोण?"

"अहो, मीच आहे."

"आवाज हल्ली कुणीही काढतं," भाऊजी म्हणाले.

ताई पायरीवर बसून राहिली. आतून तिचाच आवाज हवामान सांगत होता. शेवटी शेजारच्या काकूंनी खिडकीतून हात घालून रेडिओ बंद केला, तेव्हा कुठे दार उघडलं. उघडल्यावरही भाऊजींनी तिचा चेहरा चाचपून पाहिला. ताई मला हे सांगताना रडली नाही. मला मात्र भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मघाशी साहेब म्हणाले, "ताई कायम आपल्यासोबत राहतील." आपण टाळ्या वाजवल्या. साहेब, माझी एवढीच विनंती होती, की तो आवाज आज बंद करा. निदान ताईला एकदा इथून थेट तिचं वाक्य बोलू द्या, म्हणजे भाऊजींना कळेल, ती खरंच निघाली. त्यासाठी या माइकपासून स्टुडिओपर्यंत तार मी सकाळीच ओढून ठेवली आहे.

होती म्हणालो, कारण...

जरा शांत बसता का? तो कोपऱ्यातला ध्वनिक्षेपक पाहा. आपल्या प्रत्येक खोलीत असतो, बारीक आवाजात आपलंच केंद्र चालू असतं, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या कानाला सवय आहे. मी बोलत होतो, तेव्हा तिथं गाणं संपलं. मग ताईच्या आवाजात, तिच्याच हेलात, कुणीतरी म्हणालं, "निघते हं."

पुढच्या रांगेनं ऐकलंय, माना हलताहेत. ताईनंही ऐकलंय. ताई तर इथं खुर्चीत बसली आहे, ओठ मिटून. मग निघालं कोण?

ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. अध्यक्ष महोदय, सत्काराची फुलं नंतर देता येतील. ताई, तू ऊठ, माझी गाडी दाराशीच आहे.

भाऊजींनी कडी काढली असेल.